चौदा गुणांची कुळकथा

नांदेड वा लातूरच्या जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्वाचा दाखला काढावयास जो मनुष्य येतो, त्याच्या देहात किती टक्के उणे आहे याचीच नोंद तेथे होते, आणि चाळीस टक्क्यांची मर्यादा गाठल्यावाचून बहुतेक सवलती त्याच्या पदरात पडत नाहीत. दप्तराला असे मोजमाप लागते, हे मान्य. परंतु देहात शिल्लक काय आहे ते मोजणारी एक निराळी पद्धत व्हीलचेअर बास्केटबॉलने घडविली, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी-सास्तूरच्या माळवदांखाली माणसे गाडली गेलेली ज्या मुलुखाने पाहिली, त्याने तिची हकीकत अगत्याने ऐकावी.

दुसऱ्या महायुद्धात कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेले अमेरिकी सैनिक १९४६ च्या सुमारास कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स येथील रुग्णालयांत खुर्चीत बसून हा खेळ खेळू लागले, आणि १९४९ साली टिमोथी न्यूजंट यांनी इलिनॉय प्रांतात त्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरविली. इकडे नांदेडावर निजामाचा अंमल अद्याप चालू असताना, २९ जुलै १९४८ रोजी, डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात सोळा जायबंदी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. तिचाच विस्तार होत १९६० साली रोमचे पॅरालिम्पिक झाले व त्यात व्हीलचेअर बास्केटबॉल होता. स्त्रियांना या खेळात प्रवेश १९६८ साली तेल अवीव येथे मिळाला. त्याच मेळ्यात १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर टेबल टेनिस खेळले. भारतात मात्र या खेळाचा महासंघ माधवी लता यांच्या पुढाकाराने २०१४ साली स्थापन झाला.

टोपली उभ्याने खेळावयाच्या बास्केटबॉलचीच, ३.०५ मीटर उंचीवर. चेंडू मांडीवर ठेवून चाके दोनदा ढकलता येतात, तिसऱ्यांदा ढकलण्यापूर्वी टप्पा पाडावा लागतो. खुर्ची हा खेळाडूच्या देहाचाच भाग समजतात, म्हणून तिला दिलेली गैर धडक अंगावरची धडकच ठरते. जमिनीवरचा चेंडू उचलण्याची रीत तर पाहत राहावी अशी: खेळाडू वाकून चेंडू फिरत्या चाकावर तळहाताने दाबून धरतो आणि चाकच तो वर चढवून मांडीत आणून देते.

पूर्वी खेळाडूंची प्रतवारी खाटेवर होई. कण्याची इजा कोणत्या मणक्याला, एवढेच वैद्य पाहत. जर्मन अभ्यासक होर्स्ट श्ट्रोकेन्डल यांनी ती मैदानात आणली: धड किती वळते, झुकल्यावर आधाराविना सावरते की नाही, हे प्रत्यक्ष खेळताना पाहून १ पासून ४.५ पर्यंत गुण द्यावयाचे, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात मैदानावरील पाचांची बेरीज चौदाच्या वर जाऊ द्यावयाची नाही. या एका कलमाने जे साधले ते कोणत्याही दयेने साधले नसते. चार-चार गुणांचे तिघे घेतले की बारा संपतात. उरलेले दोघे एकेक गुणाचेच, म्हणजे धडावर जवळजवळ ताबा नसलेलेच, घ्यावे लागतात, आणि प्रतिस्पर्ध्याची वाट खुर्चीने अडवून आपल्या उंच गड्याला टोपलीपर्यंत रस्ता करून देण्याचे काम बहुधा तेच करतात.

होनवडजच्या भाग्यश्री जाधव यांनी, बसून गोळा फेकणाऱ्या खेळाडूने, २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचा ध्वज धरला, तेव्हा नांदेड जिल्ह्यात सामर्थ्याचा तुटवडा नाही. जिल्हा क्रीडा संकुलांनी तिरप्या चाकांच्या खुर्च्या आणाव्यात, कारण दवाखान्यातली खुर्ची वेगात वळताना कलंडते. आणि संघ बांधणाऱ्याने प्रथम एका गुणाचा गडी शोधावा, कारण तो मिळाल्यावाचून चार गुणांच्या तिघांना एकत्र उतरविता येत नाही.