कोडे, समस्या, अडचण : ‘प्रॉब्लेम’ या शब्दाचा मराठी संसार

मराठी वाङ्मयेतिहासात ‘मुकुंदराजाच्या स्थलकालाचा प्रश्न’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. ‘विवेकसिंधू’ शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये सिद्ध झाला, असे ग्रंथातील कालनिर्देशावरून मानले जाते. त्या निर्देशाच्या विश्वसनीयतेविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. ग्रंथकर्त्याचे स्थान मराठवाड्यातील अंबेजोगाई की नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातील अंभोरा, हा वादही जुनाच. त्याच अंभोऱ्याच्या परिसरात, वैनगंगेच्या काठाने, गेली काही दशके दुसरा एक ‘प्रश्न’ बोलला जातो : गोसीखुर्द धरणाच्या बुडित क्षेत्रात गेलेल्या गावांचा. एक प्रश्न पोथीचा, दुसरा घरादाराचा. दोहोंना एकच शब्द कसा पुरतो, याचा उलगडा ‘प्रश्न’ या संस्कृत शब्दाच्या इतिहासातून होत नाही. ‘प्रच्छ्’ धातूत केवळ विचारणे आहे, दुःख नाही. हा अर्थ त्याच्यावर चढला तो इंग्रजी ‘प्रॉब्लेम’चा पर्याय म्हणून राबताना.

‘प्रॉब्लेम’चे मूळ ग्रीक आहे : ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘बालेइन’ म्हणजे फेकणे. पुढे टाकलेले ते ‘प्रोब्लेमा’. समुद्रात घुसलेले भूशिर, वाटेतला अडथळा आणि अंगापुढे धरलेली ढाल, या सर्वांना ग्रीकांनी हा शब्द लावला. भूमितीत त्याने रचना करून दाखविण्याचे कृत्य सूचित केले. आणि बायबलच्या ग्रीक भाषांतरात सॅमसन मेजवानीत पैजेवर जे कोडे घालतो, त्यालाही हेच नाव आहे. लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याच्या अंगावर कोड्याचा आणि वादविषयाचाच पोशाख होता. माणसाच्या हालअपेष्टांशी त्याचा संबंध पुष्कळ नंतरचा.

‘समस्या’ या शब्दाची कुळकथा याच्याशी चकित करण्याइतकी जुळते. ‘सम्’ या उपसर्गापुढे ‘अस्’ हा धातू. हा ‘असणे’ नव्हे, तर ‘अस्यति’ म्हणजे फेकणे या अर्थाचा. ‘समास’ही त्यातूनच आला. एकाने श्लोकाचा चरण टाकावा आणि दुसऱ्याने उरलेले चरण जुळवून तो पुरा करावा, ही ‘समस्या’. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत काव्यसमस्यापूरणाची गणना आहे. समस्या म्हणजे दरबारी विनोद; आणि तिची पूर्ती शक्य आहे, हे ती घालणाऱ्याला आधीच ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने ‘प्रॉब्लेम’ हा शब्द समाजाच्या दुखण्यांना लावला आणि शतकाच्या उत्तरार्धात इब्सेनच्या वळणाच्या नाटकांनी तो रंगभूमीवर नेला. मराठीने त्यासाठी ‘समस्या’ हाच शब्द पुढे केला. ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) किंवा अत्र्यांचे ‘घराबाहेर’ (१९३४) यांच्या संदर्भात ‘समस्याप्रधान नाटक’ ही संज्ञा वापरताना समीक्षेला त्या शब्दातील खेळाची आठवण राहिली नाही. तिसऱ्या अंकात पूर्ती व्हावीच, ही प्रेक्षकाची अपेक्षा मात्र त्या जुन्या अर्थाशी इमान राखून होती.

दुःखाचे देशी शब्द निराळ्या कुळातले आहेत. ‘संकट’ म्हणजे मुळात अरुंद, चिंचोळे. ‘अडचण’ आजही जागेची असते : सामानाने खोलीत अडचण होते, अडचणीत विंचू निघतो. घरातील बाईची ‘अडचण’ हा तर उच्चारायला नको असलेल्या गोष्टीवर घातलेला पदर. (‘पंचाईत’ या शब्दाने तर पंचांची सभाच अडचण होऊन बसली!) लॅटिनमधील चिंचोळेपणाच्या शब्दातूनच इंग्रजीतील मनोव्यथेचा ‘अँग्विश’ आला आहे. फेकलेल्या गोष्टीला फेकणारा असतो आणि झेलणारा असतो. अरुंद जागेत फक्त अडकलेला माणूस असतो.

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. इंग्रजी ‘प्रोजेक्ट’ हा शब्दही लॅटिनमधून आलेला, अर्थ तोच : पुढे फेकलेले. ‘प्रॉब्लेम’ आणि ‘प्रोजेक्ट’ ही एकाच कल्पनेची ग्रीक आणि लॅटिन रूपे आहेत. एकाने बांध घातला आणि दुसरा त्यातून उभा राहिला, हा केवळ योगायोग असला तरी बोलका आहे. ‘प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न’ या पदातील षष्ठी तपासण्यासारखी आहे. ‘शिष्याचा प्रश्न’ म्हणताना शिष्य विचारतो. अध्यात्मग्रंथांतील गुरुशिष्यसंवाद त्या विचारण्यावरच चालतो. ‘प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न’ म्हणताना प्रकल्पग्रस्त विचारीत नाहीत. प्रश्न तेच असतात. विचारणारा आणि सोडविणारा अन्यत्र, बहुधा एकाच कचेरीत बसलेला असतो, आणि न सुटलेल्या गणिताप्रमाणे फाईल पुढील पानावर जाते. गाव हलले की उंबरठा, शेत, मसणवटा यांच्यातील अंतरे बदलतात. ही अडचण आहे, अक्षरशः जागेची. तिची समस्या झाली की तिला उत्तर असल्याचे गृहीत धरले जाते, आणि मोबदल्याचा आकडा हे ते उत्तर ठरते.

१९९९ च्या पुनर्वसन अधिनियमाने ‘प्रकल्पबाधित’ हा सौम्य शब्द घेतला. लोकांच्या तोंडी ‘प्रकल्पग्रस्त’ टिकला. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. राहूने गिळलेल्या चंद्रबिंबालाही ‘ग्रस्त’ म्हणतात. ग्रहण सुटते. अंभोऱ्याच्या संगमावर धरणाचे फुगवट्याचे पाणी उभे आहे.