वेशीवरचा वीरगळ आणि पॅरिसचा करार

पाबळला येणारा पाहुणा आधी मस्तानीच्या कबरीचा रस्ता विचारतो. कबर जागची हलत नाही. हलतात ते सुटे दगड : वीरगळ, सतीशिळा, पडक्या देवळांतल्या मूर्ती. शिरूर-खेडच्या गावांतून वीस वर्षे मी ते पाहत फिरतो (इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, हे आधीच सांगतो). सहा वर्षांपूर्वी शेजारच्या गावचा तीन कप्प्यांचा एक वीरगळ नाहीसा झाला. तक्रार द्यायला गेलो, तर पहिला प्रश्न आला, "फोटो आहे का?" होता, पण जत्रेतला. दगडावर तीन पोरं बसलेली, वीर त्यांच्या पायांआड. लांबी-रुंदी मी कधी मोजलीच नव्हती. विचारणाऱ्याची तेव्हा चीड आली. पुढे कायदे वाचताना कळले, की जगभर हेच विचारतात.

सांस्कृतिक ठेव्याची चोरटी ने-आण रोखण्याचा युनेस्कोचा करार १४ नोव्हेंबर १९७० रोजी पॅरिसला संमत झाला. भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला, ब्रिटनने थेट २००२ मध्ये. खरी मेख सातव्या कलमात आहे. संग्रहालयातून किंवा देवळासारख्या वास्तूतून चोरलेली वस्तू दुसऱ्या देशाने आत घेऊ नये, आली तर परत करावी. पण ती मूळ ठिकाणच्या नोंदीत असली पाहिजे आणि पुरावा मागणाऱ्या देशाने स्वखर्चाने द्यायचा. तमिळनाडूतल्या अनंतमंगलमहून १९७८ मध्ये चोरीला गेलेले राम, लक्ष्मण, सीता २०२० मध्ये लंडनहून परतले, कारण पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५८ मध्ये त्यांचे फोटो काढून ठेवले होते. दोन सरकारांच्या बोलण्याला आधार होता तो त्या फोटोंचा.

शिवाय हा करार मागल्या काळाला लागू होत नाही. नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला लिलावात निघाली, तेव्हा महाराष्ट्र शासनाला ती मध्यस्थामार्फत विकत घ्यावी लागली; खर्च सुमारे ४७ लाख रुपये. आदल्या वर्षी वाघनखे आली तीही तीन वर्षांच्या बोलीवर. आपलीच वस्तू विकत किंवा उसनी आणायची!

आपला १९७२ चा पुरावशेष कायदा निर्यात बंद करतो आणि दगडी मूर्तींची नोंदणीही सांगतो. ती करायची मात्र वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याने. वेशीवरचा वीरगळ कुणाच्या ताब्यात? त्याला शेंदूर लावणाऱ्या आजीच्या, की ग्रामपंचायतीच्या? मला वाटते, कायदा इथेच तोकडा पडतो.

आता पिशवीत टेप असतो. पुढून, मागून, बाजूने फोटो, मापे, गावकऱ्यांच्या तोंडचे नाव. एक प्रत ग्रामपंचायतीत देतो. जत्रेतला तो फोटोही मोठा करून घेतला आहे. मधल्या पोराच्या गुडघ्याशेजारी घोड्याचे तोंड तेवढे दिसते.