जुन्या मोटारींतील शीतयंत्र : एका गळतीची कथा

उन्हाळ्याच्या भर दुपारीं जुन्या मोटारींत गार वाऱ्याऐवजीं उष्ण झोत येऊं लागला, कीं मालकाच्या तोंडीं एकच वाक्य येतें : “गॅस संपला, भरून घेतला पाहिजे.” या वाक्यांत एक मोठा गैरसमज दडलेला आहे. पेट्रोल जळतें म्हणून संपतें. शीतयंत्रांतील वायु जळत नाहीं कीं झिजत नाहीं. एका बंदिस्त मार्गानें तो सारखा फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ तो कोठून तरी निसटला. निसटून गेला कोठें, हा प्रश्न मात्र पुष्कळ वर्षें कोणी विचारला नाहीं.

नोव्हेंबर १९३९ मध्यें शिकागो येथील प्रदर्शनांत अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें शीतयंत्र बसविलेली मोटार लोकांपुढें मांडली. त्या सोयीसाठीं २७४ डॉलर अधिक मोजावे लागत. थंडावा देणारें वेटोळें मागच्या आसनाच्या पाठीशीं असून त्यानें सामानाची बरीच जागा व्यापली होती. यंत्र बंद करावयाचें तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा हातानें उतरवावा लागे! ही योजना थोड्याच वर्षांत बारगळली. पुढें कॉम्प्रेसर हवा तेव्हां जोडणारा व सोडणारा विद्युच्चुंबकीय क्लच आला. १९५४ सालीं नॅश कंपनीनें सारी यंत्रसामग्री गाडीच्या पुढच्या भागांत एकत्र आणली. आणि १९६९ पर्यंत अमेरिकेंतील निम्म्याहून अधिक नव्या मोटारी शीतयंत्रासह विकल्या जाऊं लागल्या.

या प्रसाराचें बरेंचसें श्रेय एका वायूकडे जातें. आरंभीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असलीं विषारी द्रव्यें वापरीत. १९२८ सालीं थॉमस मिजली व त्याचे सहकारी यांनीं कार्बन, क्लोरिन व फ्लोरिन यांच्या संयोगानें बनणारा वायु शीतयंत्रासाठीं सिद्ध केला. तोच पुढें ‘फ्रीऑन’ या नांवानें प्रसिद्धीस आला. १९३० सालीं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेंत मिजलीनें तो वायु छातींत भरून घेतला आणि फुंकरीनें मेणबत्ती विझविली. वायु विषारी नाहीं व पेटतहि नाहीं, या दोन्ही गोष्टी एका श्वासांत सिद्ध झाल्या. मग तो थोडाफार गळला तर बिघडलें काय?

आणि तो गळत असे. घरांतील फ्रिजचा कॉम्प्रेसर पोलादी कोषांत कायमचा बंद केलेला असतो. मोटारींत तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणून त्याचा दांडा बाहेर ठेवावा लागतो, आणि हादरे सोसण्यासाठीं कांहीं नळ्या रबरी असाव्या लागतात. गाडी महिनेच्या महिने उभी राहिली, कीं दांड्याभोंवतींचें सील तेलावांचून सुकतें व तेथून वायु पाझरूं लागतो. म्हणूनच जाणता कारागीर येतांक्षणींच गॅसची टाकी जोडीत नाहीं. पट्टा सैल आहे काय, क्लच धरतो काय, रेडिएटरपुढचा कंडेन्सर धुळीनें भरला आहे काय, हें तो आधीं पाहतो. नंतर तो सांध्यांवर तेलाचे डाग शोधतो. कारण वायूबरोबर तेलहि फिरत असतें, आणि तेल जेथें बाहेर आलें तेथूनच बहुधा वायु गेलेला असतो. गार वारा थोडा वेळ येऊन थांबला व विश्रांतीनंतर पुन्हां सुरू झाला, तर आंत शिरलेला पाण्याचा अंश एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद मुखाशीं गोठत असावा, हें तो ओळखतो. अशा वेळीं निर्वात पंप लावून आंतील ओल काढल्यावांचून नवा वायु भरणें व्यर्थ होय.

१९७४ सालीं मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनीं तो न विचारलेला प्रश्न विचारला. जो स्थिरपणा या वायूचा गुण म्हणून गाजला, त्यामुळेंच तो नाश न पावतां उंच वातावरणांत पोंचतो. तेथें सूर्याच्या अतिनील किरणांनीं फुटतो, आणि मोकळा झालेला क्लोरिन ओझोनचा थर कुरतडूं लागतो, असें त्यांनीं दाखविलें. १९८५ सालीं अंटार्क्टिकावरील ओझोनची भयंकर घट ब्रिटिश संशोधकांनीं प्रसिद्ध केली, आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रियल येथें राष्ट्रांनीं करार केला. १९९० नंतरच्या दशकांत नव्या मोटारींत आर-१३४ए हा क्लोरिनविरहित वायु आला. परंतु तोहि निर्दोष नव्हे : वातावरण तापविण्यांत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रबळ आहे, आणि २०१६ च्या किगाली येथील दुरुस्तीनें अशा वायूंचा वापर घटविण्याचें ठरलें.

जुन्या मोटारीच्या मालकापुढें यांतून खरी अडचण उभी राहते. नवा वायु जुन्या खनिज तेलांत मिसळत नाहीं. म्हणून तेल बदलावें लागतें, ओल शोषणारी डबीहि नवी बसवावी लागते, आणि जुना कंडेन्सर अपुरा पडून थंडावा थोडा कमी मिळतो. हा खर्च टाळून दर उन्हाळ्यांत गॅस भरीत राहणें सोपें वाटतें. पण न शोधलेली गळती त्या एका गाडीपुरती राहत नाहीं. तिचा हिशेब साऱ्या आकाशाच्या खात्यावर मांडला जातो. ओझोनचा थर हळूहळू भरून येत आहे, तो राष्ट्रांनीं गळती बंद करण्याचें मनावर घेतलें म्हणून. दारांत उभ्या असलेल्या जुन्या मोटारीलाहि तोच उपाय लागू आहे : आधीं छिद्र शोधावें, मग वायु भरावा.