गाडी रेस घेत नाही, स्कॅनर थ्रॉटलचा कोड दाखवतो. पण थ्रॉटल बदलण्याआधी वायरिंग का तपासायचं?

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की शेवटी घाट लागतो. समजा मे महिना आहे, एसी चालू आहे, गाडीत पाच जण बसलेत आणि गाडी बारा-तेरा वर्षांची आहे. घाटात पॅडल दाबलं तर गाडी पिकअपच घेत नाही. इंजिन चालू आहे, पण रेस वाढत नाही. मीटरमध्ये पिवळा दिवा लागलाय. मागून एसटी हॉर्न मारतेय. कशीबशी गाडी कडेला घेतली, चावी बंद केली, पाच मिनिटांनी परत सेल मारला, तर गाडी एकदम नीट. दर्शन होतं, सगळे घरी येतात. आणि चार दिवसांनी सात रस्त्याला पुन्हा तेच.

मग गॅरेज. स्कॅनर लावल्यावर कोड येतो, पी २१३५. मिस्त्री म्हणतो, थ्रॉटल बॉडी गेली. नवा पार्ट हजारोंच्या घरात जातो. तो बसवला जातो, आणि पंधरा दिवसांनी दिवा परत लागतो.

मिस्त्री खोटं बोलत असतो असं नाही. गडबड कोडच्या अर्थात आहे. पी २१३५ म्हणजे ‘थ्रॉटलच्या दोन सिग्नलचा मेळ बसत नाही’, एवढंच. तो मेळ सेन्सर खराब झाल्याने बिघडला, वायर तुटल्याने, कपलरमध्ये पाणी गेल्याने की अर्थिंग ढिलं झाल्याने, हे कोड सांगत नाही. तो सर्किटकडे बोट दाखवतो, पार्टकडे नाही.

आता हा प्रश्न सोलापुरात जरा जास्त का पडावा, त्यालाही एक कारण आहे. एप्रिल २०१० मध्ये देशातल्या फक्त १३ शहरांत चारचाकींसाठी भारत स्टेज-४ नियम आले. दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळुरू अशा मोठ्या नावांच्या यादीत सोलापूरही होतं. संपूर्ण देशात हा नियम एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. या गाड्यांमध्ये ओबीडी, म्हणजे स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा, बंधनकारक झाली. पहिला टप्पा २०१० मध्ये, दुसरा २०१३ मध्ये. म्हणजे एमएच १३ पासिंगच्या त्या काळातल्या गाड्या तशा लवकर ‘कॉम्प्युटरवाल्या’ झाल्या. आज त्यांच्या वायरिंगने दहा-पंधरा उन्हाळे खाल्लेत.

केबल गेली, वायर आली

जुन्या गाडीत पॅडलपासून इंजिनपर्यंत लोखंडी केबल असायची. पाय दाबला की केबल ओढली जायची आणि हवेची झडप उघडायची. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये ही केबलच नाही. पॅडलखालचा सेन्सर पाय किती दाबलाय हे व्होल्टेजच्या रूपात ईसीएमला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. ईसीएम थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या मोटरला हुकूम देतो आणि झडप उघडते. झडप खरंच किती उघडली हे तिथला सेन्सर उलट कळवतो. कॉमन रेल डिझेल गाडीत वेग झडपेवर नाही तर डिझेल किती सोडायचं यावर ठरतो, पण पॅडलचा सेन्सर तिथेही असाच असतो.

यात पॅडलला आणि झडपेला प्रत्येकी दोन-दोन सिग्नल असतात. बऱ्याच गाड्यांत पॅडलचा एक सिग्नल दुसऱ्याच्या दुप्पट असतो. पाय वर असताना एक साधारण ०.७ व्होल्ट, दुसरा त्याच्या निम्मा. झडपेकडे अनेक गाड्यांत एक सिग्नल चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज ५ व्होल्टच्या आसपास राहते. हे गणित चुकलं की ईसीएम दोघांपैकी कोणावरच विश्वास ठेवत नाही. तो मोटरचा करंट तोडतो, स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या जागी आणून ठेवते आणि गाडी फक्त रांगण्यापुरती चालते. हाच लिम्प मोड. घाटात राग येतो खरा, पण गाडी आपोआप सुसाट सुटू नये म्हणूनच ही सोय आहे.

ती सोय किती महत्त्वाची आहे हे टोयोटाच्या प्रकरणात दिसलं. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींचा पाऊस पडला. तिथल्या सरकारने तपासाला थेट नासाच्या इंजिनिअर्सना बसवलं. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात, गाडी सुसाट सुटेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, असं नासाने सांगितलं. पण तक्रार आलेल्या एका गाडीच्या पॅडल सेन्सरमध्ये कथिलाचा केसापेक्षा बारीक तंतू वाढलेला सापडला. त्याने दोन सिग्नल एकमेकांना जोडले होते. एवढ्याशा तंतूने पॅडल बिघडतं, तर उंदराने कुरतडलेल्या वायरीने काय होईल?

मीटर कुठे लावायचा?

सुरुवात थ्रॉटलपासून नाही, बॅटरीपासून करायची. रात्रभर उभ्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल मारताना ती १० च्या फार खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटरमुळे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावं. जुनी बॅटरी सेल मारताना कोसळली की ईसीएमला सगळेच सेन्सर वेडे वाटायला लागतात आणि भलतेच कोड साठतात. अनेक ‘थ्रॉटल गेले’च्या तक्रारी इथेच संपतात.

पुढचं अर्थिंग, आणि यावर खरंच वेळ घालवावा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड पट्टी इंजिनला आणि एक बॉडीला जाते. बोल्टखाली गंज चढला की करंटला वाट मिळत नाही. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा. हेडलाइट, एसी, पंखा सगळं चालू करा. आकडा शून्याच्या जवळ हवा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर बोल्ट सोडून, घासून, परत आवळायचा. खर्च एका सँडपेपरचा.

मग कपलर. चावी बंद करून थ्रॉटल आणि पॅडल दोन्हीकडचे कपलर काढून बघायचे. हिरवट पावडर, वाकडी पिन, तुटलेलं लॉक, सैल बसणं, यातलं काही दिसतंय का? वॉशिंग सेंटरला इंजिनवर प्रेशरने पाणी मारून घेण्याची हौस इथे महागात पडते. बोअरचं पाणी असेल तर ते वाळतं, पण क्षार मागे राहतात.

कपलर ठीक असतील तर चावी ऑन करून सेन्सरला येणारे ५ व्होल्ट मोजायचे. ही लाइन अनेकदा दोन-तीन सेन्सरमध्ये वाटलेली असते, त्यामुळे दुसऱ्याच सेन्सरचा शॉर्ट थ्रॉटलच्या नावावर खपतो. ५ व्होल्ट येत नसतील तर त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढायचे. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या वायरीत.

मोजताना सुई वायरीत टोचायची नाही. कपलरच्या मागून बारीक पिन सरकवायची. टोचलेल्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं. आणि ईसीएमच्या सेन्सर वायरींवर टेस्ट बल्ब तर अजिबात लावायचा नाही, ईसीएमच जळू शकतो.

येऊन-जाऊन होणारा बिघाड मात्र उभ्या गाडीत सापडत नाही. त्यासाठी स्कॅनर लाइव्ह डेटावर ठेवायचा, ब्लूटूथवाला स्वस्त डोंगल आणि मोबाइल ॲपही बहुतेक वेळा पुरतं. दोन्ही सिग्नल स्क्रीनवर ठेवून पॅडल अगदी हळू दाबत न्यायचं. मध्येच आकडा उडी मारतो का बघायचं. मग दुसऱ्याने बॉनेटखालचं हार्नेस हलवायचं. इंजिन थरथरतं पण बॉडी स्थिर असते, त्यामुळे दोघांच्या मधला वाकणारा भाग, क्लिपखाली घासणारा भाग आणि सायलेन्सरच्या पाइपजवळचा भाग आधी. इंजिन गरम असतानाही हे करून बघावं. आतून तार तुटलेली असते, थंडीत टोकं टेकतात, गरम झाली की सुटतात. पाच मिनिटं थांबल्यावर गाडी ‘आपोआप’ बरी होते ती अशी.

मल्टीमीटरच्या ‘बीप’वरही फार भरवसा नको. सातपैकी एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, पण थ्रॉटलच्या मोटरला लागणारा करंट त्या एका तारेतून जात नाही.

नेहमीचे संशयित

पहिला उंदीर. रब्बी ज्वारी निघाली की कडब्याच्या गंजी लागतात आणि गंजीशेजारी लावलेल्या गाडीचं गरम बॉनेट उंदरांना आवडतं. दुसरा नंतर बसवलेला सीएनजी किट. सिक्वेन्शियल किटसाठी मूळ हार्नेसमध्ये जोड द्यावे लागतात आणि ते नुसते पिळून टेप मारलेले असतील तर उन्हाळ्यात डिंक वितळतो, टेप सुटते. मोठे हॉर्न, जादा लाइट यांच्या जोडांचंही तेच. असा जोड दिसला तर सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवून घ्यावी.

तिसऱ्यावर सहसा कोणी शंका घेत नाही: ब्रेकचा स्विच. अनेक गाड्यांत ब्रेक आणि रेस एकदम दाबले असं वाटलं की ईसीएम रेस कमी करतो. मागचे ब्रेक लाइट पाय न लावता पेटलेले राहतात का, एवढं शेजाऱ्याला बघायला सांगितलं तरी पुरे.

हे सगळं ठीक निघालं, तर मग थ्रॉटल. आयडलवर गाडी अडखळत असेल आणि झडपेच्या कडेला काळा थर असेल तर आधी साफसफाई. क्लिनर कापडावर घेऊन, चावी बंद ठेवून. चावी ऑन असताना झडप बोटाने ढकलली तर आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटू शकतात, मोटर सुरू झाली तर बोट सापडतं ते वेगळंच. साफ केल्यावर आयडल वर-खाली होत असेल तर घाबरायचं कारण नाही. झडपेची नवी जागा ईसीएमला शिकवावी लागते. त्याची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी, काहींना चावी ठरावीक वेळ ऑन ठेवली की पुरतं, काहींना स्कॅनरच लागतो.

वायरी, अर्थिंग, ५ व्होल्ट तिन्ही नीट आहेत आणि तरी थ्रॉटलच्या कपलरवरच सिग्नल उड्या मारतोय, तेव्हा थ्रॉटल बॉडी बदलायला हरकत नाही. बिलासोबत काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा आणि कोड पुसण्याआधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवावा. दिवा लागला त्या क्षणीचा वेग, इंजिनचं तापमान आणि बॅटरीचं व्होल्टेज बऱ्याच गाड्यांत कोडसोबत साठलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं.