मल्लाचे पोशिंदे



कृष्णा-वारणेच्या काठी कुस्तीवर बोलायला उभे राहणे म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देण्यासारखे आहे. माझ्याहून डावपेच अधिक जाणणारी मंडळी या सभेत बसली आहेत. त्यामुळे ढाक कशी लावावी आणि घिस्सा कसा ओढावा, हे मी सांगणार नाही. माझे आयुष्य गेले ते हजेरीपट आणि पगारपत्रके वाचण्यात. साहजिकच कुस्तीच्या इतिहासाला मी तेच प्रश्न विचारतो, जे कारखान्याच्या दारात विचारतो. या माणसाला पोसले कोणी? कशासाठी पोसले? आणि अंग थकल्यावर त्याचे पुढे काय झाले?

'धंदेवाईक' हा शब्द आपण जरा नाक मुरडूनच उच्चारतो. पैशासाठी खेळणारा तो हलका आणि हौसेसाठी खेळणारा तो थोर, अशी एक समजूत इंग्रजी शाळांतून आपल्याकडे आली. पण ज्याला पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका काढायच्या आहेत, दुपारी विश्रांती घ्यायची आहे आणि संध्याकाळी पुन्हा हौद्यात उतरायचे आहे, तो दुसरे काम करणार केव्हा? दूध, तूप, बदाम आणि मटण यांचा खर्च कोणीतरी उचललाच पाहिजे. म्हणून कुस्ती हा आपल्याकडे पहिल्यापासून धंदाच होता. धनी मात्र वेळोवेळी बदलत गेला.

पहिला धनी संस्थानिक. पहिलवान पदरी बाळगणे हा दरबारी इतमामाचा भाग असे. पण या क्षेत्रात एका माणसाचे कर्तृत्व निराळेच होते. ते म्हणजे राजर्षी शाहू छत्रपती. १८९४ साली ते गादीवर आले. त्यांनी तालमी वाढवल्या, उत्तरेकडचे नामांकित मल्ल कोल्हापुरास आणले आणि त्यांच्याबरोबर त्यांची मेहनत आणि त्यांचे डावही येथील मातीत रुजवले. १९०२ साली ते विलायतेला गेले असता रोम येथील प्राचीन रंगमंडल त्यांनी पाहिले. त्याच धर्तीवर खासबागेचे मैदान बांधले गेले आणि १९१२ साली ते खुले झाले. मधोमध हौदा आणि भोवताली चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना आहे. मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही पुढच्या सरदाराइतकीच कुस्ती नीट दिसावी, ही त्या बांधणीतली खरी लोकशाही. आपल्या सातारा-सांगलीकडच्या गावोगावची पोरे बिछाना काखोटीला मारून कोल्हापूरची वाट धरू लागली, ती तेव्हापासून.

या राजाश्रयाने मल्लाला खुराक दिला, राहायला जागा दिली, शिकवायला वस्ताद दिला. पण तो आश्रय होता, हक्क नव्हता. राजाची मर्जी असेपर्यंत तो टिकायचा. शाहू महाराजांसारखा धनी लाभला तर सोने होई. न लाभला तर मल्लाने दाद कोणाकडे मागायची, याला उत्तर नव्हते.

१९४८ साली सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. १९४९ साली कोल्हापूरही झाले. त्याच वर्षी जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले. दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. प्रजेच्या दृष्टीने हे विलीनीकरण हिताचेच होते. पण तालमीतल्या पोराचा पोशिंदा त्यामुळे गेला आणि त्याच्या जागी नवा धनी लगेच उभा राहिला नाही. या दोन काळांच्या मधल्या पोकळीत जो माणूस उभा होता, तो कराडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव.

खाशाबांची हकिगत आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. ती मी पराक्रमाच्या नव्हे, हिशोबाच्या बाजूने सांगतो. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूर दरबारच्या मदतीने. लाल मातीत वाढलेला हा मल्ल तेथे गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे ठरले, तेव्हा तो दरबार उरला नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. म्हणजे देशाच्या प्रतिनिधीचा प्रवासखर्च एका शिक्षकाच्या घरावर उचलला गेला! हेलसिंकीत जपानच्या इशीशी खाशाबांची पंधरा मिनिटांची झुंज झाली आणि ती थोडक्यात हुकली. लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्हशी लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम पुढे करायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. दमलेल्या अंगाने खाशाबा पुन्हा उभे राहिले आणि ब्राँझपदक घेऊन आले.

बंधुभगिनींनो, नियम पुस्तकात असतो, पण तो वाचून दाखवणारा माणूस शेजारी नसेल तर नियमाचा उपयोग शून्य. कामगार चळवळीचा सारा इतिहास या एका वाक्यात सामावतो, आणि खाशाबांचे सुवर्णपदक कदाचित याच एका उणिवेपायी गेले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले हे पहिले ऑलिंपिक पदक. गोळेश्वरकरांनी दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्याच्या उत्पन्नातून खर्डेकरांचे कर्ज फेडले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला आज त्यांचे नाव आहे. मल्ल गेल्यावर त्याचे नाव भिंतीवर लिहिणे स्वस्त असते.

दुसरा धनी म्हणजे जत्रा, अर्थात आपण सारे लोक. सुगी सरली की मैदाने सुरू होतात, चैत्र-वैशाखात यात्रांबरोबर भरात येतात आणि मृगाच्या पावसाबरोबर थांबतात. सकाळी रेवडीवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात व्हायची आणि दिवस कलताना पहिल्या नंबरची जोड हलगीच्या कडकडाटात हौद्यात उतरायची. गावची वर्गणी, तिकिटाचे उत्पन्न, प्रतिष्ठितांनी लावलेली इनामे, यांवर हा सारा व्यवहार चाले. १९५९ साली हिंदकेसरीचा किताब श्रीपती खंचनाळे यांनी मिळवला. १९६० साली शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. १९६४ साली कवठेपिरानचे मारुती माने झाले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतून या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य पदक आणले. १९६१ पासून महाराष्ट्रकेसरीची स्पर्धा सुरू झाली. एका सांगली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांनी आशिया खंड जिंकावा, असा तो काळ होता.

याच काळात तिसरा धनी पुढे आला, तो म्हणजे सहकारी साखर कारखाना. ऊस आला, कारखाने उभे राहिले आणि त्यांनी मैदाने भरवायला व मल्लांना मानधन द्यायला सुरुवात केली. याचे श्रेय सहकारी चळवळीला दिलेच पाहिजे. राजाच्या मर्जीऐवजी सभासदांच्या ठरावाने खुराक मिळू लागला, ही प्रगतीच होय. परंतु मानधन म्हणजे पगार नव्हे. पगाराबरोबर हजेरी येते, भविष्यनिर्वाह निधी येतो, कामावर इजा झाली तर भरपाई येते. मानधनाबरोबर यांतले काही येत नाही. गाळपाच्या पट्टीवर काम करताना मजुराचा हात सापडला तर त्यासाठी १९२३ सालापासून कायदा आहे. त्याच कारखान्याच्या मैदानात, त्याच कारखान्याच्या नावाने लढताना मल्लाचा गुडघा निखळला, तर त्याच्या हाती नारळ आणि फेटा! 'ही कला आहे, नोकरी नव्हे,' असे मला कित्येकदा ऐकवण्यात आले आहे. कला आहे, हे मान्य. पण कलावंताचा गुडघाही हाडामासाचाच असतो.

मधल्या काळात खेळाचे स्वरूपही बदलले. मातीतली कुस्ती निकाली. पाठ लागेपर्यंत लढायचे, घटका गेल्या तरी चालतील, नाहीतर पंचांनी बरोबरीत सोडवायची. गादीवरच्या कुस्तीत घड्याळ आले. आज तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती आणि दहा गुणांची आघाडी झाली की तेथेच निकाल. जोर मुरवणाऱ्या मल्लापेक्षा चपळाईने गुण टिपणारा मल्ल पुढे जाऊ लागला. वजनगटाची सक्ती आली. जुन्या मल्लाला वस्ताद म्हणायचा, 'खा.' नव्याला सांगतात, 'घटव.' २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचूनही अवघ्या शंभर ग्रॅम जादा वजनासाठी बाद झाली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने खाशाबांच्याच सत्तावन्न किलो गटात ब्राँझ मिळवले, तेही आदल्या रात्रीत कित्येक किलो वजन उतरवून. गिरणीतल्या घड्याळाने विणकराचे जे केले, तेच काट्याने आणि घड्याळाने मल्लाचे केले. काम मोजता येऊ लागले आणि माणूस त्या मापात बसवला जाऊ लागला. मापाने न्याय येतो, हे मी नाकारत नाही. मातीत धनदांडग्यांच्या दबावाने सुटलेल्या बरोबरीच्या कुस्त्याही आपण पाहिल्या आहेत. पण मापाबरोबर शरीरावरचा ताणही वाढतो, हे विसरू नये.

चौथा धनी सरकार. लष्कर, रेल्वे आणि पोलीस यांनी मल्लाला प्रथमच खरी नोकरी दिली, निवृत्तिवेतनासह. जळगावकडचे विजय चौधरी २०१४ ते २०१६ असे सलग तीन वेळा महाराष्ट्रकेसरी झाले आणि पोलीस उपअधीक्षक झाले. ही मोठीच गोष्ट आहे. पण किताब वर्षाला एक, आणि तालमीत पोरे हजारो. २०१५ साली व्यावसायिक कुस्ती लीग सुरू झाली, मल्लांचे जाहीर लिलाव झाले, दूरदर्शन संचावर झगमगाट झाला; चार हंगामांनंतर २०१९ मध्ये ती खंडित झाली आणि बरीच वर्षे बंद राहिली. जत्रा मात्र दरवर्षी येते. या साऱ्यात एक आनंदाची गोष्ट सांगायची ती अशी की, २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीतच महिलांची पहिली महाराष्ट्रकेसरी स्पर्धा झाली आणि आपल्या सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने गदा उंचावली. त्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर देशातल्या नामांकित महिला व पुरुष मल्लांनी लैंगिक छळाच्या आरोपांची चौकशी व्हावी म्हणून धरणे धरले. आखाड्यात एकमेकांविरुद्ध लढणारे रस्त्यावर खांद्याला खांदा लावून बसले, हे कुस्तीच्या इतिहासात नवे होते.

खेळाडूंनी एकत्र येणे म्हणजे काय, हे पाहायला जरा सातासमुद्रापलीकडे जाऊ. कॅनडा-अमेरिकेत पायांत पोलादी पाती बांधून बर्फावर हॉकी खेळतात. तेथील मोठ्या लीगमध्ये १९६७ पर्यंत अवघे सहा संघ होते. आज बत्तीस आहेत. त्या सहांच्या जमान्यात मालक म्हणतील ती पूर्व दिशा असे. १९५७ साली डेट्रॉईटच्या टेड लिंडसे या नामांकित खेळाडूने संघटना काढली. मागणी काय, तर आमच्या निवृत्तिनिधीचे हिशोब आम्हाला दाखवा! त्याच वर्षी त्याला उचलून शिकागोच्या संघात धाडण्यात आले. आपल्याकडे याला बदली म्हणतात, आणि तिचा अर्थ प्रत्येक कामगाराला ठाऊक आहे. ती संघटना मोडली. १९६७ साली दुसरी झाली आणि टिकली. पण तिच्याच प्रमुखाने, ॲलन ईगलसनने, खेळाडूंच्या पैशाची अफरातफर केली आणि १९९८ साली तो तुरुंगात गेला. त्याआधी १९९२ साली जुन्या खेळाडूंनी न्यायालयात निवृत्तिनिधीचा दावा जिंकला होता. यातून दोन धडे निघतात. संघटनेवाचून हिशोब मिळत नाही, हा पहिला. संघटना झाली तरी तिच्याही वह्या तपासत राहाव्या लागतात, हा दुसरा; आणि तो मी माझ्या व्यवसायबंधूंना उद्देशून मुद्दाम सांगतो.

चार धनी झाले. राजाने खुराक दिला, जत्रेने इनाम दिले, कारखान्याने मानधन दिले, सरकारने मोजक्यांना नोकरी दिली. प्रत्येक बदलात मल्लाच्या हाती येणारी रक्कम वाढली, हे खरे आहे. पण मोडलेला गुडघा, चुरगळलेले कान आणि पस्तिशीनंतरचे रिकामे आयुष्य, यांचा खर्च चारही काळांत एकाच ठिकाणी पडत राहिला: मल्लाच्या घरावर, त्याच्या आईच्या गोठ्यावर, त्याच्या बायकोच्या रोजगारावर. हिंदकेसरी-महाराष्ट्रकेसरींना शासन मानधन देते, ते योग्यच आहे. परंतु ज्यांना पाडून ते केसरी झाले, त्यांचे काय? जोडीवाचून कुस्ती होत नाही.

उपाय फार अवघड नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत दरवर्षी कितीतरी मैदाने भरतात. प्रत्येक मैदानाच्या जमेतून ठराविक हिस्सा एका निधीत जावा. हौद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचा त्या दिवसाचा विमा उतरवला जावा, रेवडीवर लढणाऱ्या पोराचासुद्धा. निधीच्या व्यवस्थेत निम्मे लोक माजी मल्ल असावेत आणि हिशोब वर्षातून एकदा तालमीच्या भिंतीवर लावावा. इनामाची रक्कम हजाराने कमी झाली तरी चालेल. फेटा सुताचा असला तरी चालेल.

पुढच्या चैत्रात आपण यात्रेला जाल. शेवटची कुस्ती सुटेल, गर्दी फुलालेल्या अंगाच्या विजेत्याला खांद्यावर घेईल. त्या वेळी यात्रा कमिटीच्या मंडपात जरा जा आणि विचारा: आजच्या जमेतून मल्लांच्या निधीला किती ठेवले? पहिल्या वर्षी लोक हसतील. दुसऱ्या वर्षी उत्तर तयार ठेवतील.