बेसबॉलच्या शिबिराचें दार

अमेरिकेंतील हायस्कुलांत बेसबॉल खेळणाऱ्या मुलाच्या घरीं उन्हाळ्याच्या सुमारास पत्रें येऊं लागतात. अमुक विद्यापीठाचे प्रशिक्षक आपल्या मैदानावर दोन दिवसांचें शिबिर भरवीत आहेत. आपल्या चिरंजीवांनीं त्यास अवश्य यावें. जागा मोजक्याच आहेत. वर विद्यापीठाची मुद्रा असते, खालीं प्रशिक्षकाची सही असते. आईबाप तें पत्र पुनःपुन्हां वाचतात. प्रशिक्षकानें आपल्या मुलाचा खेळ खरोखर पाहिला आहे, कीं त्याला फी भरणारा आणखी एक मुलगा हवा आहे, हें त्यांना कळत नाहीं. पत्र कितीही वेळां वाचलें तरी तें कळणारही नाहीं. त्यासाठीं महाविद्यालयीन बेसबॉलमध्यें मुलाची निवड कोण करीत आला आणि तिचा खर्च कोण सोशीत आला, हा इतिहासच थोडा चाळावा लागतो.

बेसबॉल मूळचा कोठला, ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आपल्या ओळखीच्या क्रिकेटप्रमाणें तोही दांडूनें चेंडू टोलवून धांवा काढण्याचा खेळ आहे. पिचर चेंडू फेकतो, कॅचर फलंदाजाच्या मागें बसून तो झेलतो, आणि गडी सर्व बेसांना वळसा घालून परत आला म्हणजे एक धांव होते, इतकें येथें पुरे. दोन महाविद्यालयांमधील पहिला सामना १ जुलै १८५९ रोजीं मॅसॅच्युसेट्स राज्यांत पिट्सफील्ड येथें अ‍ॅमहर्स्ट व विल्यम्स ह्यांच्यामध्यें झाला. त्या प्रांताच्या तेव्हांच्या नियमांप्रमाणें प्रत्येक बाजूस तेरा गडी होते. अ‍ॅमहर्स्टनें ७३ धांवा काढल्या, विल्यम्सनें ३२. दुसऱ्या दिवशीं ह्याच दोन महाविद्यालयांत बुद्धिबळाचा डाव झाला, तोही अ‍ॅमहर्स्टनेंच जिंकला. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें धांवांपेक्षां महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. अ‍ॅमहर्स्टचे तेरा गडी विद्यार्थ्यांनीं आपसांत मतदान करून निवडले होते! प्रशिक्षक नाहीं, शिष्यवृत्ति नाहीं, निमंत्रणाचें पत्र नाहीं. आणि असें असूनही त्याच सामन्याच्या वेळीं अशी कंडी पिकली कीं, अ‍ॅमहर्स्टचा चेंडू फेकणारा हा विद्यार्थी नसून त्या दिवसापुरता भाड्यानें आणलेला लोहार आहे. संघ आपला पण गडी बाहेरून आणलेला, हा संशय ह्या खेळाच्या बारशालाच हजर होता.

पुढें संघ विद्यार्थ्यांच्याच हातीं असतांना देखील चांगला गडी पळविण्याची विद्या त्यांना अवगत झाली. १८८१ सालीं ओहायोंतील ओबरलिन महाविद्यालयाच्या संघानें मिशिगन विद्यापीठाच्या संघास हरविलें. ओबरलिनचा कॅचर मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय होता. पुढच्याच वर्षीं तो मिशिगनच्या संघांत दिसूं लागला. १८८४ सालीं तो टोलीडोच्या धंदेवाईक संघांत खेळला. नंतर मात्र धंदेवाईक बेसबॉलनें कृष्णवर्णीयांस दार लावून घेतलें. १९४७ सालीं ब्रुकलिनच्या संघांत जॅकी रॉबिन्सनला उतरवून तें ज्या ब्रँच रिकी यांनीं उघडलें, तेच रिकी तरुणपणीं मिशिगन विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करीत असतांना तेथील बेसबॉल संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या त्या दिवसांतील एक प्रकरण आम्हांस ह्या सर्व इतिहासांत अधिक बोलकें वाटतें.

ओहायो राज्यांतील अ‍ॅक्रन येथें हायस्कुलांत शिकणारा जॉर्ज सिस्लर हा मुलगा डाव्या हाताचा पिचर होता. सतरा वर्षांचा असतांना त्यानें तेथील एका धंदेवाईक संघाच्या करारावर सही केली. वडिलांची संमति त्यानें घेतली नव्हती. पैसा घेतला नाहीं, त्या संघासाठीं एक डावही खेळला नाहीं. परंतु कागदावर सही उमटली ती उमटलीच. घरच्यांची इच्छा मुलानें महाविद्यालयांत शिकावें अशी होती. तो मिशिगनला गेला, यंत्रविद्येचा अभ्यास करूं लागला, आणि संघाच्या चाचणीस उभा राहिला. रिकी त्याचा खेळ पाहून थक्क झाले. पण तेथील नियमाप्रमाणें पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघांत खेळतां येत नसे, म्हणून त्यांस वर्षभर वाट पाहावी लागली. इकडे तो अ‍ॅक्रनचा कागद हातोहात विकला जाऊन पिट्सबर्गच्या मोठ्या संघाकडे पोंचला, आणि त्या संघाचे मालक बार्नी ड्रेफस मुलावर हक्क सांगूं लागले. प्रकरण बेसबॉलच्या सर्वोच्च मंडळापुढें गेलें. अज्ञान मुलानें बापाच्या संमतीशिवाय केलेला करार टिकत नाहीं, ही बाजू अखेर मान्य झाली. सिस्लर १९१५ सालीं पदवी घेऊन बाहेर पडला व सेंट लुईच्या संघांत रिकी यांच्याचकडे गेला. १९२० सालीं त्यानें एका हंगामांत २५७ यशस्वी टोले मारले. तो विक्रम मोडण्यास २००४ साल व जपानचा इचिरो सुझुकी यावा लागला.

ह्या कथेंत रिकी यांचा स्वार्थ नव्हता असें कोण म्हणेल? पण चाचणी विनामूल्य होती, मुलाचा खेळ पारखण्याचा भार प्रशिक्षकावर होता, आणि घरच्यांना फक्त नाहीं म्हणण्याचें धैर्य लागलें. तें धैर्य सर्वांनाच परवडत नसे. न्यूयॉर्कच्या लू गेरिगचे आईबाप जर्मनीहून आलेले, गरीब. आई कोलंबिया विद्यापीठांतील एका विद्यार्थी-मंडळाच्या घरीं स्वयंपाक करी. १९२० च्या जूनमध्यें गेरिगच्या हायस्कुलाचा संघ शिकागोला गेला, आणि तेथें धंदेवाईक संघाच्या मोठ्या मैदानावर तिन्ही बेस भरलेले असतांना ह्या सतरा वर्षांच्या मुलानें चेंडू मैदानाबाहेर घालविला. कोलंबियांत त्यास प्रवेश मिळाला. परंतु १९२१ च्या उन्हाळ्यांत त्यानें टोपणनांवानें हार्टफर्डच्या धंदेवाईक संघांतून कांहीं सामने खेळले. तें उघडकीस येतांच महाविद्यालयीन खेळांतून त्यास वर्षभर दूर राहावें लागलें. १९२३ सालीं पदवी न घेतांच तो यांकी संघांत गेला. अशा टोपणनांवांचा त्या काळीं सुळसुळाट होता. कोलंबियाचाच एडी कॉलिन्स १९०६ सालीं सलिव्हन हें नांव घेऊन फिलाडेल्फियाच्या संघांत खेळला व महाविद्यालयाच्या संघास मुकला. पुढें दोघेही ह्या खेळाच्या थोर पुरुषांत गणले गेले, हें वेगळें.

१९२९ सालीं कार्नेगी प्रतिष्ठाननें शंभराहून अधिक महाविद्यालयांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. खेळाडू मुलांना नोकरीच्या, कर्जाच्या व शिष्यवृत्तीच्या नांवाखालीं पैसा देऊन आणण्याची चाल किती सर्रास आहे, हें त्यानें उघडें केलें. पुढें जो पैसा चोरून देत, तो नियमानें देण्यास परवानगी मिळाली. १९४७ सालीं महाविद्यालयांची राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या स्पर्धेंत कॅलिफोर्नियानें येलला हरविलें, आणि येलच्या त्या संघांत पहिल्या बेसवर जॉर्ज बुश हे पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले गृहस्थ होते. १९६५ सालीं धंदेवाईक संघांनीं खेळाडू पाळीपाळीनें निवडण्याची पद्धत घातली. चार वर्षांच्या महाविद्यालयांत एकदां गेलेल्या मुलास तिसरें वर्ष पुरें होईपर्यंत अथवा वयाचीं एकवीस वर्षें भरेपर्यंत सामान्यतः हे संघ उचलूं शकत नाहींत. ह्यामुळें महाविद्यालयाच्या संघांतील जागेचें मोल फार वाढलें.

पैसा मात्र त्या मानानें वाढला नाहीं. वरच्या वर्गाच्या महाविद्यालयांस बेसबॉलसाठीं बरींच वर्षें फक्त ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती. २००८ नंतर त्या फार तर २७ मुलांत वांटतां येत. एका मुलाच्या वांट्यास अर्धी, पाव असा तुकडा येई. २०२५ सालच्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती मान्य करणाऱ्या महाविद्यालयांवरची ही मर्यादा गेली. पण तिच्या जागीं संघांत ३४ हून अधिक मुलें नकोत अशी नवी आली. शिष्यवृत्तीची मुभा रुंदावली, मुलांची रांग मात्र आखूडच राहिली.

शिबिरांचें पीक आलें तें ह्याच जमिनींत. नियम असा आहे कीं विद्यापीठाचें शिबिर सर्वांस खुलें पाहिजे. संख्या, वय, इयत्ता, मुलगा कीं मुलगी, एवढ्यावरूनच काय ती मर्यादा घालावी. आणि ज्या मुलावर प्रशिक्षकाचा डोळा आहे त्यास फी माफ करूं नये. म्हणजे ज्या पत्रानें घरांत आनंदीआनंद होतो, त्यांतील निमंत्रण नियमाच्या भाषेंत जाहिरातीहून अधिक कांहीं नसतें. दुसरें असें कीं २०२३ पर्यंत प्रत्येक संघास एक बिनपगारी साहाय्यक प्रशिक्षक ठेवण्याची सोय होती, आणि त्याच्या पोटापाण्याचा एक मोठा आधार म्हणजे हीं शिबिरें. त्यास आम्ही दोष देत नाहीं. पण ज्याला पगार नाहीं त्याच्या हातीं निमंत्रणपत्रें दिलीं, तर तीं किती घरांत जातील?

तथापि शिबिरें निव्वळ थोतांड आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. तेथें साठ यार्डांची धांव मोजतात, पिचरच्या चेंडूचा वेग यंत्रानें टिपतात. कॅचरनें घेतलेला चेंडू १२७ फुटांवरच्या दुसऱ्या बेसवर दोन सेकंदांच्या आसपास पोंचतो कीं नाहीं, हें पाहतात. खेड्यांतील हायस्कुलाच्या ज्या मुलाकडे कोणी फिरकत नाहीं, त्यास मोठ्या प्रशिक्षकाच्या नजरेस पडण्याची ही संधि खरी आहे. परंतु पूर्वीं पारखणारा माणूस मुलाच्या मैदानापर्यंत येई. आतां मुलास त्याच्या मैदानापर्यंत नेण्याचा खर्च बापाच्या शिरीं आला. गेरिगच्या आईला चार शिबिरांची फी, विमानाचें भाडें व मुक्कामाचा खर्च झेपला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

ज्यांस तो झेपतो त्यांनीं तरी पैसे पाठविण्यापूर्वीं एक उलट पत्र लिहावें. वरच्या वर्गाच्या संघांस २०२३ पासून, अकराव्या इयत्तेच्या आधींच्या १ ऑगस्टपूर्वीं, मुलाशीं निवडीविषयीं बोलण्यास मनाई आहे. म्हणून लिहिण्याची वेळ ती तारीख गेल्यावरची. पत्रांत मुलाचा अभ्यासाचा निकाल घालावा, शाळेंतील प्रशिक्षकाचें मत घालावें, त्याच्या खेळाचें थोडें चित्रण जोडावें, आणि सरळ विचारावें कीं ह्या मुलाच्या वर्षाचे किती पिचर किंवा किती कॅचर आपणांस अजून घ्यावयाचे आहेत व आमच्या मुलाचा खेळ आपण कोठें पाहिलात. ज्याला मुलगा हवा आहे तो सामन्याचें ठिकाण व दिवस सांगतो. दुसऱ्याकडून बहुधा शिबिराचें तेंच पत्र पुन्हां येतें.