कामातले भान

भाकरी शिकणाऱ्याला आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, ‘लक्ष दे.’ तव्यावर टाकलेल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवला की ते सुकत येईपर्यंतचा वेळ फार थोडा असतो. तेवढ्यात उलटली नाही तर तिला भेगा पडतात, मग ती फुगत नाही. हा क्षण घड्याळात सापडत नाही. ओल्या पिठावरची चमक कधी मावळते, ते पाहावे लागते. रोजच्या कामातल्या सजगतेच्या अभ्यासात नव्या वाचकाने या पाहण्यातूनच शिरावे, असे मला वाटते.

‘सजगता’ हा शब्द आज ज्या पाली शब्दासाठी वापरला जातो तो ‘सति’, म्हणजे संस्कृतातली स्मृती. मूळ अर्थ आठवणे. १८८१ साली टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी बौद्ध सुत्तांच्या इंग्रजी भाषांतरात त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला आणि पुढे तोच जगभर गेला. आठवण्याचा आणि लक्ष देण्याचा संबंध काय, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्याचे सर्वांत जवळचे उत्तर आपल्या बोलण्यात सापडते. आपण ‘भानावर येतो’. भान सुटते, आणि सुटल्याचे ध्यानात आले की आपण परतलेलो असतो. मन एका जागी खिळवून ठेवणे म्हणजे सजगता, असे समजून पुष्कळजण चार दिवसांत निराश होतात. खरी साधना परतण्याची आहे, आणि दळता-कांडता शंभरदा परतावे लागले तरी त्यात काही चुकलेले नसते.

पाली त्रिपिटकातल्या मज्झिमनिकायातले दहावे सुत्त, सतिपट्ठान, या विषयाचा पाया आहे. त्यातला ‘संपजञ्ञ’ म्हणजे जाणतेपणाचा भाग छोटा आहे, पण तो सावकाश वाचावा. चालणे, वळून पाहणे, हात आखडणे आणि पसरणे, चीवर पांघरणे, खाणे, चावणे, शौचाला जाणे, बोलणे, गप्प राहणे हे सारे जाणतेपणाने करायचे. इतक्या साध्या क्रियांना साधनेचा मान देणारा हा मजकूर मला आजही हलवून जातो. पण त्या यादीत स्वयंपाक नाही. तो उपदेश भिक्षूंना होता आणि भिक्षू अन्न शिजवत नसत, ते भिक्षापात्रात येई.

चूल या परंपरेत पुढे आली. चीन-जपानच्या झेन मठांत भिक्षू स्वतः राबू लागले आणि १२३७ साली जपानी झेन आचार्य दोगेन यांनी मठाच्या आचाऱ्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तांदूळ धुताना खडे पाहावेत, दाणा वाया जाऊ देऊ नये, हे तिथे ध्यानाच्या तोलाचे ठरते. आपल्या काळात व्हिएतनामी भिक्षू तिक न्यात हान्ह यांनी भांडी घासण्याला तोच मान दिला. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला. त्यात एकच बेदाणा सावकाश खायला देतात.

प्रयोगांबद्दल थोडे सावध राहावे. फ्लोरिडातल्या एका अभ्यासात ५१ विद्यार्थ्यांनी भांडी धुतली. सजगपणे धुणाऱ्यांनी आपली अस्वस्थता कमी झाल्याचे नोंदवले. निष्कर्ष उत्साह देणारा आहे, पण ते विद्यार्थी एकदाच भांडी धुऊन मोकळे झाले होते. जिला ती रोज दोन वेळा, चार घरची धुवावी लागतात तिच्याविषयी तो काही सांगत नाही. कष्टाचे ओझे तसेच ठेवून ‘मन लावून कर’ म्हणणे मला मान्य नाही. सजगतेच्या नावाने तसे सांगितले जाते तेव्हा अभ्यासकाने हरकत घ्यावी.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना दिवसात वेळीअवेळी फोनवरून विचारले, की आत्ता मन कुठे आहे. सुमारे ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामात नव्हते, आणि मन भटकलेले असताना माणसे कमी सुखी होती. हा निष्कर्ष वाचला की मला जाते आठवते. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पहाटे एक हात खुंट्यावर, दुसरा जात्याच्या तोंडात दाणे सोडतो आहे, आणि मन माहेरी, भावाकडे, पंढरीच्या वाटेवर. फोनवर विचारले असते तर दळणाऱ्या बाईचे उत्तर ‘भटकलेले’ असेच नोंदले गेले असते. पण ओवीची लय तर जात्याच्या फेऱ्याचीच आहे. फेरा अडला की शब्द अडतो, आणि दाणे जास्त पडले की हाताला ते आधी कळते. हे भान सुटणे आहे, की एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याची एखादी वेगळी जाण? सतिपट्ठानाच्या यादीत नसलेले हे काम समोर ठेवून कुणीतरी या प्रश्नाचा अभ्यास करावा. त्यांतल्या काही ओव्यांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, काहींत जात्याची घरघरही ऐकू येते.